पित्तनलिकेतला जंत आणि मी न विचारलेला प्रश्न



जंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल येतं. पोट पुढे आलेलं, मातीत खेळणारं, झोपेत दात खाणारं. मग आजी म्हणते, "याला जंत झालेत, औषध द्या." मोठ्या माणसाला जंत झालेत असं कुणी सहसा म्हणत नाही आणि स्वतःहून सांगत तर अजिबात नाही.

आजचा विषय मोठ्या माणसांचा आहे. आतड्यातला जंत पित्ताच्या किंवा स्वादुपिंडाच्या नळीत शिरला तर काय होतं, आणि दुर्बिणीतून तो कसा काढतात, हे मी सांगणार आहेच. पण त्याआधी माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. पेशंटची ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. चूक मात्र जशी घडली तशीच सांगतोय.

"सर, स्टेंट काढायचा राहिलाय का?"

पस्तिशीच्या एक ताई पन्हाळ्याकडच्या गावातून आल्या होत्या. दोन दिवसांपासून उजव्या बरगडीखाली कळ, उलट्या, रात्री थंडी वाजून ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा. मला त्या ओळखीच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पित्तनलिकेत अडकलेला खडा मीच दुर्बिणीतून काढला होता. नंतर सर्जननी पित्ताशयही काढलं. त्यामुळे केसपेपरवर मी लगेच लिहिलं, "नलिकेत पुन्हा खडा?" आणि त्यांना सोनोग्राफीला पाठवलं.

थोड्या वेळाने सोनोग्राफीच्या मॅडमचा फोन आला. "सर, यांचा स्टेंट काढायचा राहिलाय का? नळीत दिसतोय."

माझ्या पोटात गोळाच आला. स्टेंट म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत तात्पुरती ठेवलेली प्लास्टिकची बारीक नळी. ती साधारण तीन महिन्यांच्या आत काढावी किंवा बदलावी लागते. दोन वर्षं आत राहिली तर ती बुजते, पित्तात पू होतो आणि जीवावर बेतू शकतं. आमच्या कामात विसरलेला स्टेंट ही अक्षम्य चूक मानली जाते.

मी जुनं रजिस्टर काढलं. स्टेंट सहा आठवड्यांनी काढल्याची नोंद होती आणि खाली माझीच सही होती. जीव भांड्यात पडला. मॅडमना फोन करून तसं सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे काय आहे? दोन समांतर रेघा आहेत, मधे काळी पट्टी आहे, मागे खड्यासारखी सावली पडत नाही. आणि सर, ते हलतंय."

मी वॉर्डात गेलो. दारातच वॉर्डातल्या मावशी भेटल्या. "डॉक्टर, त्या पोरीला चार दिवसांपूर्वी उलटीतून जंत पडलाय. मला सांगितलं तिनं. तुम्हाला सांगितलं का?"

मला सांगितलं नव्हतं. ताईंना विचारलं तर त्यांनी मान खाली घातली. "व्हय डॉक्टर. लाज वाटली सांगायची. आन् तुमी इचारलं बी न्हाई."

मी खरंच विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीही नाही आणि आजही नाही.

हा जंत नक्की कोण?

आपल्याकडे गांडुळासारखा जो लांब, पांढुरका-गुलाबी जंत शौचातून किंवा उलटीतून पडतो, त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्केरिस. आपण त्याला गोल जंत म्हणूया. पूर्ण वाढलेला जंत १५ ते ३५ सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे वीतभर किंवा त्याहूनही जास्त. जाडी मात्र पेन्सिलीपेक्षा कमी. तो आपल्या लहान आतड्यात राहतो आणि साधारण एक ते दोन वर्षं जगतो.

त्याचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. जंताची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात. ताजी अंडी पोटात गेली तरी काही होत नाही. ओलसर, उबदार, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे काढल्यावर त्यांच्या आत अळी तयार होते आणि मग ती धोकादायक होतात. अशी अंडी न धुतलेल्या हातांवरून, नखांतून, कच्च्या भाजीवरून, पाण्यातून आपल्या पोटात जातात. आतड्यात अंडं फुटतं, अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे काही दिवस वाढते, श्वासनलिकेतून वर घशात येते आणि आपण तिला थुंकीबरोबर पुन्हा गिळतो. आता ती आतड्यात राहायला येते आणि तिचा मोठा जंत होतो. अंडं गिळल्यापासून नवी अंडी बाहेर पडेपर्यंत दोन ते तीन महिने जातात.

यातला एक मुद्दा नीट लक्षात ठेवा. हा जंत पोटातल्या पोटात वाढत नाही. एका जंताचे दहा जंत आत होत नाहीत. पोटात जितके जंत आहेत, तितकी अंडी तुम्ही बाहेरून गिळलेली असतात. म्हणजे गोड किंवा गूळ खाल्ल्याने जंत होतात हा समज खरा नाही. जंत मातीतून येतात, आणि त्या मातीत ते माणसाच्या विष्ठेतून येतात.

तो नळीत का शिरतो?

यकृतात तयार झालेलं पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस या दोन्हींच्या नळ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात एकाच लहानशा उंचवट्यावर उघडतात. त्या तोंडाभोवती स्नायूचं कडं असतं. ते एखाद्या झडपेसारखं काम करतं. जेवल्यावर सैल पडतं, पित्त सोडतं, पुन्हा आवळतं.

गोल जंताची खोड अशी की तो स्वस्थ बसत नाही. समोर बारीक भोक दिसलं की त्यात डोकं घालून बघतो. आतड्यात जंत थोडे असतील तर ते खाली, मधल्या भागात राहतात. संख्या वाढली की वरपर्यंत येतात, आणि मग पित्ताच्या तोंडाशी गाठ पडते.

झडप घट्ट असेल तर आत जाणं त्याला अवघड जातं. ती सैल असेल तर सोपं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हे स्नायू सैलावतात, म्हणून गरोदर स्त्रियांमध्ये हा त्रास दिसतो. पित्ताशय काढलेल्या माणसांतही तो जास्त आढळतो. आणि ज्यांच्या झडपेला आम्हीच दुर्बिणीतून छेद दिलाय, त्यांच्याकडे तर दार उघडंच असतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. या ताईंचा खडा काढताना मी ती झडप कापली होती. खडा मोठा होता, छेद देणं गरजेचं होतं, तेव्हाचा तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो. पण दार उघडं ठेवून पेशंटला घरी पाठवताना अंगणात कोण फिरतंय हे मी विचारलं नाही. जंताची एक गोळीसुद्धा लिहून दिली नाही.

काश्मीरने शिकवलेला धडा

पित्तनलिकेतल्या जंताबद्दल आपल्या देशात सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते काश्मीरकडून. तिथे या जंताचं प्रमाण फार मोठं होतं. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५०० रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात २८० रुग्णांना, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना, फक्त पित्ताची तीव्र कळ होती. १२१ जणांच्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला होता. ६४ जणांच्या पित्ताशयाला सूज होती, ३१ जणांच्या स्वादुपिंडाला सूज होती आणि चौघांच्या यकृतात पू झाला होता.

या कामातून आम्हा डॉक्टरांना दोन गोष्टी कळल्या. पहिली, पुष्कळ जंत आपले आपण नळीतून बाहेर आतड्यात येतात. त्यामुळे प्रत्येक वेळी दुर्बीण घेऊन धावायचं कारण नाही. दुसरी, तीन आठवडे उलटूनही जंत नळीतच दिसत असेल तर तो बहुधा मेलेला असतो. मेलेला जंत आपण होऊन बाहेर येत नाही. तो कुजतो, त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांभोवती खडे धरतात. असा जंत काढावाच लागतो.

दुर्बिणीची घाई कधी आणि वाट कधी पाहायची?

नुसती कळ असेल, ताप नसेल, कावीळ वाढत नसेल तर आम्ही पेशंटला दाखल करून घेतो. तोंडाने काही देत नाही, सलाईन लावतो, कळ थांबवणारी इंजेक्शनं देतो आणि सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून जंतावर नजर ठेवतो. कळ थांबली आणि जंत आतड्यात परतला की मग जंताची गोळी.

इथे पेशंट आणि नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आत्ताच गोळी दिली तर?" नको. या गोळीचं काम आतड्यात आहे. नळीत अडकलेल्या जंतापर्यंत ती नीट पोचत नाही. आणि जंत नळीतच मेला तर तो तिथेच राहून नवी अडचण करतो. म्हणून जोराची कळ, उलट्या, कावीळ असताना घरच्या घरी जंताची गोळी घेऊ नका आणि वावडिंगाचा काढा करून दिवस घालवू नका. आधी सोनोग्राफी करून घ्या.

पुढच्यापैकी काही असेल तर मात्र वाट पाहायची नाही:

• थंडी वाजून ताप आणि कावीळ, म्हणजे अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग.
• पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी असह्य कळ आणि रक्तात अमायलेज, लायपेज वाढलेलं, म्हणजे स्वादुपिंडाला सूज.
• औषधांनी न थांबणारी कळ.
• तीन आठवड्यांनंतरही नळीतच असलेला जंत.

आमच्या ताईंना ताप होता आणि कावीळही. अँटिबायोटिक सुरू केलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना एंडोस्कोपीच्या खोलीत घेतलं.

दुर्बिणीतून जंत कसा काढतात?

या तपासणीला ईआरसीपी म्हणतात. पित्ताच्या तोंडापर्यंत दुर्बिणीतून नळी घालण्याचं काम अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी १९६८ मध्ये केलं. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी दुर्बिणीतूनच झडपेला छेद देऊन खडे काढायला सुरुवात केली. त्याआधी नळीतल्या खड्यासाठी किंवा जंतासाठी पोट उघडणं हाच मार्ग होता.

पेशंटला झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. दुर्बीण तोंडातून, अन्ननलिका आणि जठर ओलांडून आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाते. या दुर्बिणीचा कॅमेरा पुढे नाही, बाजूला पाहतो, कारण पित्ताचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं.

त्या संध्याकाळी पडद्यावर पहिल्यांदा दिसलं ते मीच दोन वर्षांपूर्वी केलेलं रुंद तोंड. त्यातून एक पांढुरकं शेपूट बाहेर आलेलं होतं आणि सावकाश हलत होतं. खोलीतल्या सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या.

जंताचं टोक असं बाहेर असेल तर काम सोपं. चिमट्यासारखं एक साधन दुर्बिणीतून घालून ते टोक धरायचं. धरायचं मात्र हळुवारपणे. मांसाची गाठ कापायला आम्ही तारेचा फास वापरतो, तो इथे वापरत नाही, कारण फास आवळला की जंत तुटतो आणि अर्धा आत राहतो. पहिल्या वेळी माझ्या चिमट्यातून तो निसटला. दुसऱ्या वेळी पकड बसली. जंत दुर्बिणीतल्या बारीक वाटेतून बाहेर ओढायचा नसतो. तो चिमट्यात धरून दुर्बिणीसकट, सगळंच तोंडावाटे बाहेर काढायचं. मग ट्रेवर तो सरळ करून दोन्ही टोकं शाबूत आहेत ना ते बघायचं. ती होती. पट्टी लावली तर बावीस सेंटीमीटर भरला.

पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. नळीत एक असेल तर दुसराही असू शकतो. दुर्बीण पुन्हा आत घातली, नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे पाहिला. वर यकृताच्या बाजूला आणखी एक लांबट सावली. जंत असा पूर्ण आत असेल तर तारांची बारीक टोपली किंवा टोकाला फुगा असलेली नळी वापरतात. फुगा जंताच्या वर नेऊन फुगवायचा आणि सावकाश खाली ओढायचा. दुसरा जंत त्या फुग्यापुढे घरंगळत आतड्यात आला, तोही चिमट्यात धरून बाहेर काढला. शेवटी पुन्हा एक्स-रे. नळी मोकळी होती आणि पित्त खळखळून वाहत होतं.

ज्यांची झडप शाबूत असते त्यांच्या बाबतीत आमची धडपड ती शाबूत ठेवण्याची असते. छेद न देता फुग्याने तोंड तात्पुरतं रुंद करता येतं. जिथे जंताचं प्रमाण जास्त आहे तिथे छेद शक्यतो टाळावा असं म्हणतात ते याचसाठी. खडाही असेल, किंवा दुसरा मार्गच नसेल, तर छेद द्यावा लागतो. पण मग पुढची काळजी दुप्पट.

स्वादुपिंडाच्या नळीतला जंत

स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेपेक्षा बारीक, साधारण तीन मिलिमीटर रुंद. त्यामुळे जंत तिथे क्वचित जातो, पण गेला तर त्रास मोठा. पाचकरस अडतो आणि स्वादुपिंड स्वतःच्याच रसाने पोळून निघतं. कधी कधी जंत नुसता दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसतो, तरीही असं होतं. अशा वेळी तो काढला की कळ कमी व्हायला लागते.

या ठिकाणी एक स्पष्ट बोलायला हवं. ईआरसीपी ही साधी जठराची एंडोस्कोपी नाही. ही प्रक्रिया केल्यानेसुद्धा शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. बहुतेकांची काही दिवसांत बरी होते, थोड्यांची गंभीर होते. रक्तस्राव, आतड्याला छिद्र हे धोके कमी असले तरी आहेत. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: "हे आजच करायला हवं का?" आणि "झडपेला छेद द्यावा लागेल का?"

आणखी कोणते जंत नळीत सापडतात?

गोल जंताशिवाय काही चपटे जंतही पित्तनलिकेत मुक्काम करतात. चीन, कोरिया, ईशान्य थायलंड या भागांत गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाण्यातून येणारे यकृतातले चपटे जंत वर्षानुवर्षं नळीत राहतात आणि त्यातून पुढे पित्तनलिकेचा कॅन्सरही होतो. गुराढोरांमध्ये, शेळ्यामेंढ्यांमध्ये आढळणारा पानासारखा जंत पाणवनस्पतींवरून माणसात येतो. कुत्र्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या एका जंतामुळे यकृतात पाण्याच्या गाठी होतात. अशी गाठ पित्तनलिकेत फुटली तर द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे नळीत अडकतात आणि तेही दुर्बिणीतून काढावे लागतात. या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. "जंत म्हणजे एकच गोळी" असं नसतं, म्हणून निदान महत्त्वाचं.

"परत आत जाईल का?"

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोटभर वरणभात खाल्ला. बरणीतले दोन्ही जंत मी त्यांना आणि त्यांच्या मालकांना दाखवले. मालकांनी तोंड फिरवलं. ताईंनी मात्र नीट पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, परत आत जाईल का?"

मी "आता काही होणार नाही" असं म्हणू शकलो असतो. दोन वर्षांपूर्वी तसंच म्हणालो होतो. या वेळी खुर्ची ओढून बसलो आणि खरं सांगितलं. झडप कापलेली आहे, ती पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही. पोटात जंत झाला तर त्याला आत जायला वाट मोकळी आहे. म्हणून पोटात जंत होऊच द्यायचा नाही.

मग जे प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायला हवे होते, ते विचारले. पाणी कुठलं? घरी संडास आहे? भाजी कुठली खाता?

पाणी बोअरचं होतं. संडास होता, एका शोषखड्ड्याचा. घरामागे मेथी-कोथिंबिरीचा छोटा मळा होता. भाऊ म्हणाले, "खड्डा भरला म्हणून गेल्या साली उपसला. मळ्यात टाकला. खत झ्याक हुतंय."

मला त्यांना नावं ठेवावीशी वाटली नाहीत. ते चुकीचं बोलत नव्हते, ते खत खरंच चांगलं असतं. फक्त ते कच्चं होतं. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाची कल्पना याचसाठी आहे. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला किमान वर्ष-दीड वर्ष, शक्य तर दोन वर्षं, तसाच राहू द्यायचा. त्या काळात जंताची बहुतेक अंडी मरतात आणि सुरक्षित खत तयार होतं. खड्डा एकच असेल आणि भरल्याबरोबर उपसला, तर ताजी अंडी थेट मेथीच्या वाफ्यात जातात. सोयीसाठी बांधलेल्या संडासातूनच जंत पुन्हा ताटात येत होता, आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या डॉक्टरनेही नाही.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना, सासूबाई आणि दोन्ही मुलांसकट, जंताची गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्यांवर या गोळीचा भरवसा नसतो. ताईंना त्यानंतर दर सहा महिन्यांनी. भाऊंनी दुसरा खड्डा खणला. त्याला चार महिने लागले, पण खणला.

तुम्ही काय करायचं?

१. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चुकवू नका. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला अर्धी गोळी, ती चुरून द्यायची. मोठ्यांनीही, विशेषतः मातीत काम करणाऱ्यांनी, किती दिवसांनी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारावं.

२. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नका. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

३. शौचानंतर आणि जेवणाआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. सॅनिटायझरने जंताची अंडी मरत नाहीत. नखं कापा.

४. पाण्यात टाकलेल्या क्लोरीननेही ही अंडी मरत नाहीत. शंका असेल तेव्हा पाणी उकळा. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खायचं असेल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, सोलता येईल ते सोला. अंडी चिकट असतात, नुसतं बुचकळून जात नाहीत. शिजवलेल्या भाजीची भीती नाही.

५. पित्ताशय काढलं असेल किंवा ईआरसीपी झाली असेल तर ते कागद जपून ठेवा. "झडपेला छेद दिलाय का?" हे विचारून त्यावर लिहून घ्या. पुढे कधी पोटात कळ आली तर पहिल्याच डॉक्टरला तो कागद दाखवा.

६. उलटीतून किंवा शौचातून जंत पडला असेल तर सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. जगातल्या सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून आलेले जंत आहेत. हा घाणेरडेपणाचा पुरावा नाही आणि गरिबीची लाज वाटण्याचंही कारण नाही. शहरात धुतलेल्या दिसणाऱ्या सॅलडमधूनही ते येऊ शकतात. पण लाजेपायी तुम्ही सांगत नाही, घाईपायी आम्ही विचारत नाही, आणि मग वीतभर जंत खडा म्हणून किंवा स्टेंट म्हणून आमच्या डोळ्यांसमोरून निघून जातो. त्या दिवशी वॉर्डातल्या मावशी नसत्या तर आणखी किती वेळ गेला असता कोण जाणे. ताईंनी मावशींना सांगितलं, कारण मावशींनी सहज विचारलं होतं, "का गं, काय झालं?"

आता माझ्या ईआरसीपीच्या कागदावर दोन ओळी वाढल्या आहेत. एक, "जंत पडल्याचा इतिहास?" दुसरी, "घरी संडास, पाणी, मळा?" विचारायला मिनिटभरही लागत नाही.

त्या ताई दर सहा महिन्यांनी येतात. सोनोग्राफी आजवर स्वच्छ आहे. येताना मळ्यातली मेथीची जुडी आणतात आणि टेबलावर ठेवताना न विसरता सांगतात, "डॉक्टर, धुऊन घ्या बरं का."

घेतो. तुम्हीही घ्या.

तुमचा डॉक्टर